फोटोतली माय

आज मी तुम्हाला एका फोटोची गोष्ट सांगणार आहे. फोटो आमच्या घरचा आहे, पण असाच एखादा फोटो तुमच्याही घरी असेल. भिंतीवरून उतरलेला, काच तडकलेला, पेटीच्या तळाशी जुन्या पातळात गुंडाळून ठेवलेला. त्यातली एक-दोन माणसं ओळखू येतात आणि बाकीच्यांविषयी घरातलं कुणी काही सांगू शकत नाही.

माझं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यात. धानाच्या बांध्या, एक बोडी आणि मातीच्या भिंतींचं जुनं घर. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे. खाली फोटोवाल्याचं नाव छापलेलं असावं, पण तो भाग वाळवीनं खाल्ला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि वेल. खुर्चीत फेटा बांधलेला तरुण माणूस. ते माझे पणजोबा. त्यांच्या गुडघ्याला चिकटून रडवेल्या चेहऱ्याचा मुलगा. ते माझे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील. आबाजी स्वतःच सांगायचे, "मी चार वर्षांचा होतो. मंडईत फोटोवाला आला होता. तो काळ्या फडक्यात डोकं घालायचा, म्हणून मी भ्यालो." खुर्चीमागे एक बाई उभी आहे. डोक्यावर पदर, एक हात खुर्चीच्या पाठीवर, नजर थेट आपल्याकडे. ही कोण, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला कधी पडलाच नव्हता. पणजोबांच्या शेजारी उभी आहे म्हणजे पणजीच, असं आम्ही धरून चाललो होतो.

पणजीला मी पाहिलं आहे. आम्ही तिला बुढी माय म्हणायचो. मी शाळेत जायला लागलो तेव्हा ती अंगणात बसून मोहाची फुलं निवडायची. तिच्या मांडीवर मी झोपलो आहे. त्यामुळे फोटोतली तरुण बाई तीच, हे मला अगदी स्वाभाविक वाटत होतं.

शोध सुरू झाला तो फोटोमुळे नव्हे. माझ्या पुतण्याच्या मुलीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं. ज्यांना या कामातून जावं लागलं आहे त्यांना ठाऊक असेल. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो आणि वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते. घरात मीच मोठा, शिवाय निवृत्त मास्तर, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी कागदावर चौकटी आखल्या. पणजोबा, आबाजी, बाबा, आम्ही भाऊ, आमची मुलं. पुतण्याची मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आजोबा, यात एकही बाई नाही. सगळे पुरुष पुरुषांपासूनच जन्मले का?"

मी हसलो, पण तो प्रश्न डोक्यात राहिला. कागद शोधताना त्याच पेटीत फोटो सापडला आणि मी तो घेऊन आत्याकडे गेलो. माझी आत्या तेव्हा सत्याऐंशी वर्षांची होती, डोळ्यांना कमी दिसायचं, पण आठवण पक्की. तिनं फोटो खिडकीपाशी नेला, तिरपा धरला आणि म्हणाली, "हे बुढी माय नोहोय गा. हे कामठावाली."

"कोण कामठावाली?"

"तुह्या आबाजीची माय. मानमोडीत गेली."

आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत आहे. कामठ्याहून आली ती कामठावाली, तिरोड्याहून आली ती तिरोडावाली. कामठा हे गोंदिया तालुक्यातलं जुनं गाव, एकेकाळचं जमीनदारीचं ठाणं. बुढी माय तिरोड्याकडची होती, हे आम्हाला माहीत होतं. मग ही कामठ्याची कोण? आत्याला एवढंच ठाऊक होतं, तेही तिच्या आईनं एकदा चुलीपाशी हळूच सांगितलेलं. नाव? "नाव कोन घेते गा सुनेचं?" आत्या म्हणाली.

माझ्या मास्तरी डोक्याला ते पटलं नाही. मी पुरावा शोधू लागलो. पहिला पुरावा मला वाटला गोंदणाचा. बुढी मायच्या कपाळावर ठसठशीत गोंदण होतं. फोटोतल्या बाईच्या कपाळावर ते नाही. झालं, दोघी वेगळ्या! पण जुन्या फोटोंची जाण असलेल्या एका गृहस्थांनी माझा उत्साह मोडला. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला फार संवेदनशील असायच्या, त्यामुळे निळसर-हिरवं गोंदण फोटोत फिकं पडायचं, कधी अजिबात दिसायचंच नाही. म्हणजे गोंदण दिसत नाही यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. फोटो आपल्याला दिसतो तितका खरा नसतो, हा धडा मी तिथं शिकलो. त्याला कागदाची जोड हवी.

आता कागद कुठे शोधायचा? आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधी आपण भंडारा जिल्ह्यात होतो. त्याही आधीचा हिशेब मांडला तर माझे आबाजी एकाच घरात राहून चार राज्यांत राहिले. आधी मध्यप्रांत, मग १९५० पासून मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. घर हललं नाही, दप्तर मात्र हलत राहिलं. म्हणून ज्यांना आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा आहे त्यांना माझं पहिलं सांगणं हे, की जुन्या कागदावर गोंदिया जिल्हा शोधू नका, भंडारा शोधा.

पहिला कागद शाळेचा. दाखल-खारीज रजिस्टरात आबाजींचं नाव मिळालं, जन्मसाल १९१३. आईचं नाव लिहायला त्या रजिस्टरात रकानाच नव्हता.

दुसरा कागद कोतवाल बुकाचा. हे कोतवाल बुक म्हणजे आपल्या भागाचं मोठं धन आहे. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतात गावच्या कोतवालानं गावातले जन्म आणि मृत्यू ठाण्यावर जाऊन सांगायचे, आणि ते वहीत चढवायचे, अशी पद्धत होती. कोतवालाला बहुधा लिहिता येत नसे, म्हणून तो सांगे आणि दुसरा कुणी लिही. काही गावांच्या वह्या बाळबोध लिपीत, तर काहींच्या मोडीत. आज जात पडताळणीसाठी लोक या वह्यांच्या नकला काढतात, जातीचा रकाना पाहतात आणि वही मिटतात. पण ती वही म्हणजे गावानं रोज कोण आलं, कोण गेलं याचा ठेवलेला हिशेब आहे.

अभिलेख कक्षातल्या कर्मचाऱ्यानं कापडात बांधलेला गठ्ठा सोडून दिला. पानं पापडासारखी झालेली. १९१३ च्या पानावर पणजोबांचं नाव, जात आणि पुढे एकच शब्द : मुलगा. बाळाचं नाव नाही. तेव्हा बारशाआधीच नोंद व्हायची, त्यामुळे बहुतेक नोंदी अशाच. मग मी १९१८ सालाकडे वळलो.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. त्या वर्षी जूनमध्ये ही साथ मुंबईत आली. पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरपासून दुसरी लाट उठली आणि ती रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेली. गोंदिया तर जंक्शन. मुंबई-कलकत्ता रस्ता इथून जातो, छोट्या गाडीचे फाटेही इथूनच निघायचे. मध्यप्रांत हा देशातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक. हिंदुस्थानात या साथीत किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच घडलं. हा आजार म्हाताऱ्यांपेक्षा तरण्याताठ्यांना जास्त नेत होता, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायकांना. त्यातच त्या साली पावसानं दगा दिला होता.

हे आकडे मी पुस्तकात वाचले होते. पण कोतवाल बुकात ते वेगळे दिसतात. एरवी आमच्या गावाचं एक पान भरायला महिने लागायचे. १९१८ च्या ऑक्टोबरात पानामागून पान भरलं आहे. अक्षर घाईचं होत गेलं आहे. मृत्यूचं कारण या रकान्यात इन्फ्लुएन्झा हा शब्द कुठेच नाही. ज्या आजाराचं नावच माहीत नाही तो काय म्हणून लिहिणार? एकाखाली एक सगळीकडे लिहिलं आहे : ताप. ताप. ताप. पुढेपुढे तर शब्दही नाही, नुसती वरच्यासारखंची खूण.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मला ती ओळ सापडली. पणजोबांचं नाव, त्यापुढे : 'याची औरत, उमर २२, ताप.'

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग बोट खाली सरकवलं. दोन ओळी सोडून पुन्हा पणजोबांचं नाव : 'याची मुलगी, उमर ४ दिवस.'

या मुलीची गोष्ट आत्यालाही माहीत नव्हती. म्हणजे आबाजींना एक बहीण होती, चार दिवसांची. त्या दोन ओळींखेरीज जगात कुठेही तिची नोंद नाही. गर्भार आणि बाळंतीण बायकांना त्या साथीनं फार झोडपलं, असं मी पुढे वाचलं. वाचण्याआधी मी ते त्या पानावर पाहिलं होतं.

आता फोटोचा काळ लागला. आबाजी १९१३ चे. चार वर्षांचे असताना मंडईत फोटो काढला, म्हणजे १९१७ ची मंडई. आपल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दंडार होते, खडी गंमत होते, लेकी माहेरी येतात. त्या मंडईत ही बाई हौसेनं खुर्चीमागे उभी राहिली. पुढची दिवाळी नोव्हेंबर १९१८ च्या सुरुवातीला होती. तोवर ती नव्हती.

तिसरा कागद जमिनीचा. मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि त्यानंतर १९५४-५५ चे अधिकार अभिलेख तयार झाले. त्यात आमच्या शेताच्या नोंदीत आबाजींबरोबर बुढी मायचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे, पुढे शब्द 'बेवा'. मला त्या कागदाजवळ थांबावंसं वाटलं. बुढी मायचं नाव कागदावर कधी चढलं? तर नवरा गेल्यावर. कामठावाली नवऱ्याआधी गेली, म्हणून तिचं नाव चढायची वेळच आली नाही. त्या काळच्या सरकारी कागदावर बाईला नाव मिळायचं ते बहुधा ती एकटी पडली की मगच.

मी कामठ्याचीही नोंद शोधली. उमर २२ म्हणजे जन्म १८९६ च्या आसपास. पण बापाचं नाव माहीत नाही, कूळ माहीत नाही. त्या दोन-तीन वर्षांच्या पानांवर आमच्या जातीच्या घरांत कितीतरी जन्म आहेत आणि त्यांच्यापुढे लिहिलं आहे : मुलगी, मुलगी, मुलगी. त्यांतली एक ती. कोणती, ते सांगता येत नाही. कामठ्याच्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना फोटो दाखवला. एक आजी बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "नाक तर आमच्या घरचं दिसते." पण तो काही पुरावा नव्हे. त्यांनी मला चहा पाजला, निघताना लाडूही बांधून दिला. माहेरच्या माणसासारखं वागवलं, एवढं खरं.

कागदाशिवाय वंश सांभाळण्याच्या आपल्याकडे आणखीही रीती आहेत. आपल्याच जिल्ह्यात पोवारांच्या घरी भाट यायचे आणि त्यांच्या पोथीत कुळं लिहिलेली असायची. गोंडांचे परधान बाना वाजवत पिढ्यांची नावं गाऊन सांगायचे. फार लांबचं उदाहरण द्यायचं तर मॉरिशसचं. ऊसमळ्यांत मजुरीला गेलेल्या माणसांची रजिस्टरं तिथं ठेवली होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मजुरांचे फोटोही काढले जात. ते दप्तर आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तिथली मराठी कुटुंबंही आपल्या पूर्वजांचं नाव, गाव आणि नशीब असेल तर चेहरा त्यात शोधतात. गोऱ्या साहेबानं ते मजूर पळून जाऊ नये म्हणून केलं होतं, पण आज ते पणतवंडांच्या उपयोगी पडतं. माझं उलटं होतं. माझ्याकडे चेहरा होता, नाव नव्हतं.

आमच्याकडे भाट येत नसे. पण एक वही होती, जिचा मी विचारच केला नव्हता. धाकटा भाऊ वारला तेव्हा त्याच्या अस्थी घेऊन मी प्रयागला गेलो. पूर्वी गोंदियाहून छोट्या गाडीनं जबलपूर गाठायला अख्खा दिवस जायचा, आता मोठी लाईन झाली आहे. प्रयागच्या प्रत्येक पंड्याची निशाणी ठरलेली असते, झेंड्यावरच्या चित्रावरून आपला पंडा ओळखायचा. मी गाव सांगितलं, जिल्हा गोंदिया सांगितला. पंड्यानं मान हलवली. मग मी भंडारा म्हणालो, आणि त्यानं लाल कापडाची लांबलचक वही काढली.

अशा वह्या हरिद्वार, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा सगळ्या तीर्थांवर आहेत. हरिद्वारच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं फिल्मसुद्धा काढली. यात्रेकरू येतो, आपल्या घराण्याची माणसं सांगतो, कशासाठी आलो ते सांगतो आणि खाली सही करतो. आमच्या पानावर आबाजींची सही होती. तेच वळण, जे मी लहानपणी पाटीवर गिरवलं. संवत २००३, म्हणजे १९४६. पणजोबांच्या अस्थी घेऊन ते आले होते. वर पंड्यानं लिहिलं होतं : पिता अमुक, आणि पुढे, 'माता यथानाम, माहेर कामठा'.

मित्रहो, १९४६ मध्ये बुढी माय घरी धडधाकट होती. जिवंत माणसाचा पिंड कुणी देत नाही. म्हणजे आबाजींना सगळं ठाऊक होतं. आपली जन्मदाती कोण, ती कुठली, हे त्यांनी मनात ठेवलं होतं. घरी एक शब्द काढला नाही. तो का काढला नसेल, यावर मी त्या घाटावर बसून पुष्कळ विचार केला. मला वाटतं, जिनं पाच वर्षांच्या पोरक्या मुलाला पोटाशी धरलं तिला 'तू सावत्र' असं कधी वाटू नये, म्हणून ते गप्प राहिले. आणि जिनं जन्म दिला तिलाही ते विसरले नाहीत. गावापासून इतक्या दूर, नदीच्या काठी, जिथं ऐकायला घरचं कुणी नव्हतं, तिथं त्यांनी तिचं देणं दिलं.

पण 'यथानाम' हा शब्द मला अजून छळतो. पिंडदानात नाव माहीत नसलं की यथानाम म्हणतात, म्हणजे जे नाव असेल ते. याचा अर्थ, तिच्या मुलालाही तिचं नाव माहीत नव्हतं. ती गेली तेव्हा तो पाच वर्षांचा. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही, सासरच्यांनी गावाच्या नावानं हाक मारायची. मुलगा 'माय' म्हणायचा. मग नाव त्याच्या कानावर पडणार कधी? शंभर वर्षांनी मी ते कचेऱ्यांतून शोधत होतो, आणि ते पाच वर्षांच्या मुलापर्यंतही पोचलं नव्हतं.

म्हणून आज तुम्हाला दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपल्या गावचं कोतवाल बुक, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, अधिकार अभिलेख, या कागदांची नक्कल रीतसर अर्ज करून मिळते. जातीच्या दाखल्यासाठी ती काढालच. काढाल तेव्हा फक्त जातीचा रकाना वाचू नका, पूर्ण ओळ वाचा. वरची-खालचीही वाचा. दुसरं, कागदाच्या आधी माणसं गाठा. माझी आत्या गेल्या पावसाळ्यात गेली. ती आणखी दोन वर्षं आधी गेली असती तर मी आजही फोटोतल्या बाईला बुढी माय म्हणत राहिलो असतो आणि एकही वही मला दुरुस्त करू शकली नसती. मी तिला आयुष्यभर दर दिवाळीला भेटत होतो, पण फोटो दाखवायला मला सत्तरी जवळ यावी लागली.

आणि तिसरं. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, असा क्रम आला आहे. काही लोकांनी त्याची थट्टा केली, नाव फार लांब होतं म्हणाले. मला त्या वेळी कोतवाल बुकातली ती ओळ आठवली. 'याची औरत.' एक नाव जास्त लिहायला किती शाई लागते?

पुतण्याच्या मुलीला प्रमाणपत्र मिळालं. कचेरीत दिलेली वंशावळ पुरुषांचीच आहे, त्या नमुन्यात तेवढंच मागितलं होतं. पण घरासाठी आम्ही दुसरी केली. तिनंच ती मोठ्या कागदावर काढली, सगळ्या आज्या, आया, आत्या, लेकींसकट. पणजोबांच्या शेजारी दोन चौकटी आहेत. एकीत बुढी मायचं नाव. दुसरीत तिनं विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, कामठावाली लिही, आणि शेजारी थोडी जागा सोड. तिच्याखाली आबाजी, आणि आबाजींच्या शेजारी एक लहानशी चौकट, चार दिवसांच्या मुलीची.

फोटोच्या मागे मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे. शाई पुठ्ठ्यातून फुटते, म्हणून पेन्सिलीनं. 'खुर्चीत पणजोबा. मुलगा आबाजी. मागे उभी आबाजींची माय, माहेर कामठा, मंडई १९१७. पुढच्या वर्षी मानमोडीत गेली.' आज घरी गेल्यावर तुम्हीही तेवढं करा. ज्याला माहीत आहे त्याच्याकडून विचारून घ्या, आणि फोटो उलटा करून लिहा.